बुधवारची फेरी

सिप्पोराला सहा वर्षांत पहिल्यांदाच महिन्याची रजा मिळाली आणि ती सगळी तिनं रेवदंड्याला थोरल्या बहिणीकडे लोळून काढली.

ती पनवेलच्या दवाखान्यात नर्स होती. मुख्य काम बाळंतपणाचं. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा विषमज्वरानं गेला. वर्षभरानं ती मुंबईला जाऊन सुईणकाम शिकली, आणि नोकरीनं तिला पनवेलला आणून सोडलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे समाईक विहीर, शेजारी बाजारात भाजी विकणाऱ्या गंगाबाई. सिप्पोरा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. शनिवार पाळायची, पण शनिवारी कुठे कुणी अडलं तर पिशवी उचलून निघायची. तिचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून नेऱ्याच्या बाजूची म्हातारी माणसं तिला ‘शनवार तेल्यांची बाय’ म्हणत. बाकी सगळ्यांची ती नर्सबाय.

तिची शिस्त गावाला ठाऊक होती. पहाटे उठून विहिरीचं पाणी, आंघोळ, प्रार्थना. मग एका स्टोव्हवर आधी चहा आणि नंतर कात्र्या-चिमटे उकळायचे. निघताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या चिठ्ठीच्या डबीला, बोटं टेकवायची, ती ओठांना लावायची आणि चालू पडायचं. कंपाउंडर दवाखान्याचं कुलूप काढायला यायचा तेव्हा ही पायरीवर उभी असायची. मंगळवारी दवाखान्याऐवजी फेरी असे. गाढी नदी ओलांडून नेरे, आणि नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेली कातकऱ्यांची वाडी. जाऊन येऊन सगळं पायी. वाडीतल्या गरोदर बाया तिला लांबून बघूनच हातातलं काम खाली ठेवत.

रेवदंड्याला मात्र मिल्काताईनं तिला हातात काही धरूच दिलं नाही.

“इथं तू नर्स नाहीस,” ताई म्हणाली. “आईच्या माघारी तुझं माहेरपण कुणी केलं नाही. आता मी करते. पहाटे उठलेली दिसलीस तर बघ!”

सणांचा महिना होता. दारफाळणीचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा कडक उपवास, एवढाच काय तो त्रासाचा दिवस. त्याच्या अलीकडे-पलीकडे नुसतं खाणं. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा, भरल्या पुऱ्या, बोयांचं आंबट-तिखट कालवण. दुपारी नारळी-पोफळीच्या वाडीत बाज टाकून पडायचं, पाटाचं पाणी झुळझुळत असायचं, झोप कधी लागली ते कळायचं नाही. पहिले काही दिवस सिप्पोराचे डोळे सवयीनं पहाटे उघडत. ताई अंधारातूनच “झोप” म्हणे. पुढे डोळे उघडेनासे झाले. संध्याकाळी समुद्रावर जायचं म्हणून केस विंचरून बसावं आणि विंचरताच आळस यावा, असं होऊ लागलं. सुख होतं, यात शंका नाही. तिच्या खांद्यांना इतका आराम कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

पनवेलला परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन होतं. बाहेर गंगाबाईंची टोपली केव्हाच बाजाराला गेली होती. सिप्पोरा धडपडत उठली. आंघोळ कशीबशी उरकली, चहा न घेताच निघाली आणि दवाखान्यात पोहोचली तर बायांची रांग पायरीखाली आलेली.

“प्रवासाचा शीण आहे,” डॉक्टर म्हणाले. ते भले गृहस्थ होते. “होतं असं. दोन दिवस जरा बेतानं घ्या.”

तिनं बेतानं घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं आणि तिसऱ्याही. रेवदंड्याहून आणलेली ट्रंक खोलीच्या मधोमध होती तशीच राहिली. रोज तिला वळसा घालून जायचं आणि संध्याकाळी येऊन त्याच ट्रंकेवर बसायचं, पायातल्या चपला काढायलाही जीव नको. रात्री दिवा मालवायचा कंटाळा म्हणून जागी राहायची आणि सकाळी जागी राहिल्यामुळे झोपायची. पूर्वी जी कामं हात आपोआप करायचे, त्यातलं प्रत्येक काम आता तिला वेगळं ठरवून करावं लागत होतं. पाणी आणायचं म्हणजे आधी उठायला हवं. मग कळशी, मग रहाट. नुसत्या विचारानंच थकायला व्हायचं.

पहिला मंगळवार आला तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, अजून अंग जुळलेलं नाही. दुसऱ्या मंगळवारी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर म्हणाले, “आज थांबलात तर बरं होईल.” त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पूर्वी असं म्हणाले असते तर सिप्पोरानं त्यांच्याशी वाद घातला असता. या वेळी तिनं पदर खोचला आणि ती थांबली. थांबल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचं दुपारभर वाईट वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर दोन बाया येऊन बसल्या. एक म्हातारी, एक तरुण आणि दिवस भरत आलेली. सिप्पोरानं बाहेर येऊन पाहिलं तर वाडीतली जिजा आणि तिची सासू भामा. जिजाच्या पोटऱ्या धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि ती भिंतीला टेकून तोंडानं श्वास घेत होती.

“अगं, तुम्ही इथे कशा? चालत आलात?”

“मंग काय उडत येवां?” भामा म्हणाली. “तुमी दोन मंगळवार आल्या नाय. मी हिला म्हनलं, नर्सबाय मेली-बिली तं नाय? बगून येवां.”

“तुमी आजारी हुता का?” जिजानं विचारलं. तिनं ते खरोखरच काळजीनं विचारलं होतं.

“नाही गं. बरी आहे मी.”

“मंग?”

तिनं जिजाला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं आणि टेबलावर निजवलं.

पोटावर हात ठेवताच तिला काहीतरी वेगळं लागलं. तिनं डोळे मिटून पुन्हा चाचपलं. वर बरगडीखाली टणक, गोल डोकं. बाळ उलटं बसलं होतं. जिजाच्या पायांवर सूजही होती. बोट दाबलं की खळगा राहत होता.

“बाळ पायाळू दिसतंय, जिजा. अजून वळेलही कदाचित. नाही वळलं तर जपून करावं लागेल. घाबरायचं नाही, पण ओझं उचलायचं नाही.”

जिजा उठून बसली. “तेच इचारायला आलू. मुकादमाची गाडी येनार हाय दिवाळीच्या पाठी. कल्यानकडं, इटांच्या भट्टीवर. वाडीतली समदी जानार. मी जावां का नको?”

“मुळीच नाही जायचं.”

जिजा म्हणाली, “तुमी मंगळवारी आल्या असत्या तं कान्हानं मुकादमाला तवाच नाय म्हनलं असतं. काल त्यानं हो म्हनून टाकलं. आता मुकादम तमाशा करंल.”

कान्हा म्हणजे तिचा नवरा. जिजाच्या बोलण्यात राग नव्हता. पावसाबद्दल बोलावं तशी ती बोलत होती: आला नाही, म्हणून असं झालं. सिप्पोराच्या कानशिलांना मात्र ऊन लागल्यासारखं झालं.

“मी दर मंगळवारी येते,” ती म्हणाली. “आता चुकणार नाही.”

भामानं मान हलवली. विश्वास ठेवल्याची ती खूण होती की नुसताच निरोप, ते कळलं नाही. नेऱ्याकडे परतणारी एक बैलगाडी रस्त्यावर दिसली. सिप्पोरानं ती थांबवून दोघींना बसवलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उन्हात उभी राहिली.

त्या संध्याकाळी तिनं ट्रंक रिकामी केली. खोल्या झाडल्या, कोनाडे पुसले, पिशवीतली हत्यारं पसरून पुन्हा लावली. अंगात जणू वारं शिरलं होतं. तिनं ठरवलं की आता गजराचं घड्याळ चारला लावायचं. थंड पाण्यानं आंघोळ. गोड बंद, भात एकदाच. शिकताना वापरलेलं इंग्रजी पुस्तक रोज उठून वाचायचं, दुपारी पडायचं नाही, रात्री आठवड्याचे उसवलेले कपडे शिवायचे. एक दिवस सगळं पार पडलं. दुसऱ्या दिवशीही पडलं, पण वाचता वाचता डोकं पुस्तकावर टेकलं. तिसऱ्या दिवशी तिनं घड्याळाचा गळा दाबला आणि ऊन वर येईपर्यंत झोपली. उठली ती स्वतःवर इतकी चिडून की न जेवताच दवाखान्यात गेली आणि एका बाईवर विनाकारण खेकसली.

मंगळवार उजाडला. ती निघाली, पण उशिरा. गाव सुटेपर्यंत ठीक होतं. पुढे पोटऱ्या भरून आल्या, दीड महिना न वापरलेल्या, फेरीच्या चपलेचा अंगठा रुतू लागला. वाटेच्या दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालं होतं, कुठे कुठे कापणी चालली होती, आणि बांधावरच्या बाया मान वर करून “बाय, लई दिसांनी!” म्हणत होत्या. तिला हसून उत्तर द्यायलाही दम नव्हता. नदीपाशी पोहोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एका जांभळीखाली ती टेकली. चप्पल काढून पाहिलं तर अंगठ्याशी फोड फुटला होता.

पलीकडून पेंढा भरलेली गाडी पाण्यातून वर आली. गाडीवाल्यानं बैल थांबवले. “बाय, गावात येता का? बसा.”

सिप्पोरानं नदीच्या पलीकडे पाहिलं. नेरे अजून बरंच पुढे, वाडी त्याच्याही पुढे. आपण आता पोहोचलो तरी परतायला अंधार होईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाय तर असा. उद्या-परवा पाय बरा झाला की... ती गाडीत बसली. पेंढा मऊ होता. बसल्या बसल्या तिला झोप लागली.

गाडीवाल्यानं तिला घराच्या गल्लीशी उतरवलं. दुपार टळत आली होती. ती घरात गेली नाही. मागच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली. आता पुढचा मंगळवार. आठ दिवस. मग जिजाचे दिवस किती उरले? हिशेब करायला तिचं मन घेईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिला नवलच वाटलं. नवरा गेल्यानंतर ती अशी कधी रडली नव्हती, आणि आता एका फोडावरून रडत होती.

इतक्यात गंगाबाई कळशी घेऊन आल्या. साठीकडे झुकलेली, ठेंगणी, ताठ बाई. त्यांनी सिप्पोराच्या तोंडाकडे पाहिलं. दोर सोडला आणि ओढायला लागल्या. अर्ध्यावर त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. दोर सुटला, बादली खाली आदळली.

“काय झालं?”

“काय नाय. खांदा. चार दिस झालं.”

सिप्पोरानं डोळे पुसले. “बघू.” पोलक्याची बाही वर करून पाहिलं तर खांदा सुजून गरम झाला होता. हात वर उचलायला सांगितला, तो छातीच्या वर जाईना. “चार दिवस झाले आणि तुम्ही रहाट ओढताय? टोपलीसुद्धा याच बाजूनं उचलता ना? ते काही नाही. पंधरा दिवस या हातानं एक तांब्यासुद्धा उचलायचा नाही.”

“आनि पानी काय तुझा बाप भरील?”

“मी भरते.”

हे दवाखान्यातल्या आवाजात, सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं. गंगाबाईंनी तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं.

“मला पहाटे लागतं. बाजारात बसायच्या आधी भाजी धुवायला.”

“माहीत आहे.”

“तुजी तं आजकाल दुपार झाल्याबिगर पहाट होत नाय.”

सिप्पोराला हसू आलं. रडून झालेलं असल्यामुळे ते जरा विचित्रच आलं, पण आलं. “तुम्ही दार वाजवा,” ती म्हणाली. “मी उठते.”

गंगाबाईंनी दार वाजवलं ते हातानं नव्हे, कळशीनं. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज. सिप्पोरा अंथरुणातून उठून बाहेर आली, अजून अर्धवट झोपेतच. विहिरीवर गारवा होता. पहिली बादली तिनं डोळे मिटूनच ओढली. दुसरीला हात गरम झाले. गंगाबाईंच्या दोन कळशा आणि घंगाळ भरून झालं, मग आलीच आहे तर म्हणून स्वतःचंही पाणी भरलं. गंगाबाई पालकाच्या जुड्या पाण्यात बुडवत बडबडत होत्या. कुणाच्या मळ्यात यंदा वांगी किडली, कुणाची सून कशी बोलते. सिप्पोरा “हो का” म्हणत दोर ओढत होती. पाणी भरून झालं तेव्हा तिच्या अंगाला घाम आला होता, आणि पूर्वेला जेमतेम तांबडं फुटत होतं.

ती घरात आली. इतक्या लवकर काय करावं, हा प्रश्न तिला कितीतरी दिवसांत पडला नव्हता. आंघोळ केली. प्रार्थना म्हटली. चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत अंगठ्यावर स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली. पट्टी बांधताना तिच्या मनात आलं की आज बुधवार आहे. मग आलं की, असेना का.

ती दवाखान्यात न जाता डॉक्टरांच्या घरी गेली. ते ओसरीवर दाढी करत होते.

“आज मी वाडीवर जाते.”

“आज? फेरी मंगळवारची ना?”

“काल झाली नाही.”

“मग पुढच्या मंगळवारी जा. बुधवारी इंजेक्शनवाल्यांची गर्दी असते, तुम्हाला माहीत आहे.”

“त्या जिजाचं बाळ पायाळू आहे आणि पायांवर सूज आहे. मला पुढच्या मंगळवारपर्यंत थांबवत नाही.”

डॉक्टरांनी वस्तरा खाली केला. रेवदंड्याहून आल्यापासून ही बाई प्रथमच त्यांच्याशी वाद घालत होती. “जा,” ते म्हणाले. “कंपाउंडरला सांभाळायला सांगतो.”

ती हळूहळू चालली. जोरात चालून दाखवायचं असं कुणी नव्हतंच. पाय भरून आले की थांबायची, पुन्हा चालायची. नदीच्या पाण्यातून जाताना पट्टी भिजली, ती तिनं काठावर बसून बदलली आणि बसल्या जागेवरून लगेच उठली, कारण जास्त बसलं की काय होतं ते तिला काल कळलं होतं. वाडीवर पोहोचायला फार वेळ लागला. भामा अंगणात वरी पाखडत होती.

“आज मंगळवार हाय?” भामानं विचारलं.

“नाही. बुधवार.”

“मंग?”

“काल निघाले होते. नदीपर्यंत आले, बसले आणि परत गेले. आज आले.”

भामानं सूप खाली ठेवलं आणि ती इतकी हसली की आतून जिजा बाहेर आली. “आगं, नर्सबाय पन आपल्यावानीच हाय! आमचा ह्यो कान्हा, होळीच्या पाठी रान तोडायला जायाचं तं तीन दिस निस्ता कोयता पाजळीत बसतो.”

गवती झोपडीच्या, झापाच्या सावलीत बसलेला कान्हा लाजून उठला. मुकादमाला त्यानं नाही म्हणून सांगितलं होतं. मुकादम नको नको ते बोलला होता. “बोलला तं बोलला,” कान्हा म्हणाला. “मी रोडपालीच्या भट्टीवर इचारलं हाय. ती काय लांब नाय. हिचं होईस्तवर जाऊन येऊन करीन.”

सिप्पोरानं जिजाला तपासलं. बाळ होतं तसंच होतं. मीठ कमी खायचं, पाय वर करून पडायचं, हे तिनं तीनतीनदा सांगितलं. दिवस भरले की आधीच गाडी करून दवाखान्यात यायचं, हेही ठरलं. शिवाय वाडीतल्या आणखी चार बायांनी तिला धरून बसवलं. परतायला संध्याकाळ झाली. घरी येऊन ती न जेवता आडवी झाली. पहाटे कळशी वाजली तेव्हा तिला उठवत नव्हतं, पण गंगाबाईंचा खांदा काही एका रात्रीत बरा झाला नव्हता. ती उठली.

पुढे असंच चालू राहिलं. रोज काही मोठं घडलं नाही. चारच्या गजराचा नाद तिनं सोडला, इंग्रजी पुस्तकही फळीवर गेलं. पाणी भरायचं आणि फेरी चुकवायची नाही, एवढंच तिनं धरलं; बाकीचं त्याच्या मागून आपसूक येऊ लागलं. पहाटे उठल्यामुळे रात्री लवकर डोळे मिटायचे. लवकर उठलं की दवाखान्याच्या पायरीवर कंपाउंडरच्या आधी पोहोचता यायचं. कंपाउंडरनं एकदा किल्ली फिरवता फिरवता म्हटलं, “आलात का बाई परत!” जणू ती त्या दिवशीच रेवदंड्याहून आली होती. दिवाळीत गंगाबाईंनी अंगणात पणत्या लावल्या आणि त्या गडबडीत एका सकाळी सिप्पोरा पुन्हा झोपून राहिली; कळशी वाजूनही उठली नाही. तेव्हा गंगाबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, “आजचा दिस तुला माफ. उद्याचा नाय.” आणि डाव्या हातानं, हळूहळू, त्यांनी स्वतःच अर्धी कळशी ओढली. ते रहाटाचं रडतरखडत करकरणं ऐकून सिप्पोरा पांघरूण फेकून बाहेर धावली.

मुकादमाची गाडी येऊन वाडीतली बहुतेक माणसं घेऊन गेली. जिजाला दवाखान्यात आणायची गाडी सोमवारची ठरली होती. पण त्याच्या आधीच, रविवारी सकाळी, सिप्पोरा हत्यारं उकळून काढत असताना कान्हा दारात येऊन उभा राहिला. धावत आला होता. दाराचा खांब धरून त्यानं आधी श्वास घेतला.

“पहाटंपासून दुखतंय. गाडी मिळंना. आय म्हनली, बायलाच घेऊन ये.”

“पाणी गेलं का?”

“नाय अजून.”

तिनं उकळलेले कात्र्या-चिमटे स्वच्छ फडक्यात गुंडाळले, पिशवी भरली, शेजारी हाक मारून डॉक्टरांना निरोप सांगायला लावला आणि चपला अडकवल्या. कान्हानं पिशवी घेतली. वाटेत कान्हा अधूनमधून मागे वळून पाहायचा, बाई मागे राहिली का म्हणून, आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या पाठीशीच असायची. भाताची शेतं आता मोकळी झाली होती; कान्हानं वाट सोडून शेतांमधूनच तिरकं नेलं. नदी लागली, त्यांनी ओलांडली. नेरे मागे पडलं. वाडीची झापं दिसू लागली तेव्हाच सिप्पोराच्या ध्यानात आलं की आपण कुठे थांबलोच नाही, आणि छातीत धाप आहे ती चालण्याची नाही, काळजीची आहे.

जिजा झापाच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या कपाळाला केस चिकटले होते. “आलीस,” ती म्हणाली. त्या दिवशी ती ‘तुमी’ म्हणायचं विसरली.

पायाळू बाळंतपणात दाईची खरी परीक्षा हात आवरण्यात असते. ओढायची घाई करायची नाही. मूल आपल्या वाटेनं येऊ द्यायचं, वेळ आली की मगच आधार द्यायचा. सिप्पोरानं हात धुतले, भामाला जिजाच्या पाठीशी बसवलं आणि वाट पाहिली. ऊन झापाच्या कुडातून आत येऊन सारवलेल्या भुईवर सरकत होतं. जिजा ओरडली, भामानं तिला शिव्या दिल्या, मग मायेनं गोंजारलं, पुन्हा शिव्या दिल्या. आधी इवलंसं ढुंगण दिसलं. मग एक पाय सुटला, मग दुसरा. सिप्पोराच्या बोटांना आता ओढायची फार इच्छा झाली होती. तिनं बोटं गरम फडक्याखाली दाबून धरली. खांदे आले. मग तिनं एक हात बाळाच्या छातीखाली सरकवला, दुसरा मानेवर ठेवला आणि म्हणाली, “आता, जिजा. आता सगळा जोर.”

मुलगी झाली. निळसर, गप्प. सिप्पोरानं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. भामाचा श्वास थांबलेला ऐकू येत होता. मग त्या इवल्या अंगातून आधी एक शिंक आली, आणि तिच्यामागून असा काही टाहो फुटला की बाहेर बसलेला कान्हा दोन्ही हात डोक्याला लावून उठला.

“पोरगी आहे,” सिप्पोरानं आतून सांगितलं. “दोघी बऱ्या आहेत.”

“पायाळू हाय!” भामा ओरडली. “आता वाडीतल्या समद्यांच्या पाठीतल्या उसनी जातील. मोठी झाली का दारात बसवीन आनि एकेकाला लाथ मारायला लावीन!”

जिजा हसली आणि हसताना कळ आली म्हणून रडली, आणि पुन्हा हसली.

उन्हं उतरल्यावर सिप्पोरा निघाली. भामानं दिलेला गुळाचा काळा चहा पिऊन तिच्या अंगात ऊब आली होती. कान्हा नदीपर्यंत पोहोचवायला आला. रस्त्यात त्यानं विचारलं, “बाय, मी उद्यापासून रोडपालीला जाऊ का? का थांबावां?”

“दोन दिवस थांब. मग जा. मात्र जिजाला दीड महिना तरी तिकडे न्यायचं नाही.”

“नाय नेत. पन तिथं पन बाया हायेत. आपल्याच. दोघी-तिघी पोटुशी हायेत. तिथं कोन येत नाय.”

सिप्पोरा थांबली. नदीचं पाणी संध्याकाळच्या उजेडात तांबूस दिसत होतं. रोडपाली नेऱ्याच्या अगदी उलट अंगाला, खाडीच्या बाजूला. महिन्यापूर्वी कुणी हे सांगितलं असतं तर तिनं न ऐकल्यासारखं केलं असतं.

“भट्टीवर सकाळी काम कधी सुरू होतं?” तिनं विचारलं.

“दिस उगवायच्या आदी. पन मंग न्याहारीला बसतात समदी.”

“त्यांना सांग, गुरुवारी न्याहारीच्या वेळी मी येईन.” ती जरा विचार करून म्हणाली, “आणि गुरुवारी नाही जमलं, तर शुक्रवारी सकाळी.”

कान्हानं मान डोलावली आणि पिशवी तिच्या हाती दिली. सिप्पोरानं चपला काढून हातात घेतल्या, साडीचा घोळ वर खोचला आणि ती पाण्यात उतरली.